पांढऱ्या भाजीचं कलम

मी, सिंधु भुजंग बिरादार, वय अडुसष्ट, काम घर सांभाळणे, राहणार स्टेशन रोड, उदगीर, जिल्हा लातूर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. वकीलसाहेबांनी एका पानाचा मसुदा दिला होता. माझं म्हणणं एका पानात मावत नाही, म्हणून त्यातला कायदा ठेवला आणि बाकीचं माझं लिहिलं.

मी शाळेत गेलेले नाही. माझे यजमान कै. भुजंग इथल्या स्टेशनवर पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे होते. मी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा फलाटावरच्या पाटीवरचं ‘उदगीर’ हे पहिल्यांदा वाचलं. त्या चार अक्षरांवरून पुढची जमवली. म्हणून अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

कलम एक. स्टेशन रोडवरचं तीन खोल्यांचं घर मुलगा दयानंद आणि सून वर्षाराणी यांना दोघांच्या नावे द्यावे. एकट्या दयानंदच्या नावे नको. तो चांगला आहे, पण त्याला कुणालाही हो म्हणायची सवय आहे. वर्षाराणीला नाही म्हणता येतं. घराला दोन्ही लागतं.

कलम दोन. पोस्टातली शिल्लक आणि गळ्यातली पोत नात साक्षी हिला. ती लातूरला शिकते. माझी सगळी पुस्तकंही तिचीच. ज्या पानांवर पेन्सिलीची खूण आहे तिथे मी अडले होते, तिला कळलं तर तिने उत्तर समासात लिहावे.

कलम तीन. स्वयंपाकघरातली भांडी वर्षाराणीची. त्यात नारळ किसायची लोखंडी खोवणी आहे. ती भंगारात घालू नये. ती कमलम्मा सिस्टरने दिलेली आहे, आणि तिच्यामुळेच पुढची कलमं लिहावी लागत आहेत.

कलम चार. कमलम्मा ही केरळची नर्स. आमच्या बाहेरच्या खोलीत सहा वर्षं भाड्याने राहिली. २००८ साली यजमानांना तोंडाचा आजार निघाला. लातूरला मशीनच्या किरणांचा शेक दिल्यावर तोंड आतून इतकं सोललं की वरणाचं पाणीसुद्धा झोंबायचं. कमलम्मा म्हणाली, “ताई, आमचं इष्टू करू, नारळाच्या दुधातली भाजी. हळद नको, तिखट नको, फोडणी नको.” आपल्याकडे ओला नारळ देवापुढे फुटतो आणि प्रसादाला वाटला जातो. तो किसून, पिळून त्याचं दूध काढायचं हे मी पाहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी सवयीने माझा हात हळदीच्या डब्यात गेलाच. शिवाय दूध खळखळ उकळलं, ते फुटलं, आणि भाजी ताक नासल्यासारखी दिसायला लागली. कमलम्मा हसली नाही. दुसरा नारळ घेऊन आली.

यजमानांनी चार महिने ती पांढरी भाजी मऊ भातात कालवून खाल्ली. पहिल्या दिवशी म्हणाले, “हे काय, दवाखान्याच्या भिंतीचा चुना काढून आणला का?” दुसऱ्या दिवसापासून वाटी पुढे करायला लागले.

कलम पाच. हे कलम माझ्या मोठ्या नणंदेसाठी, रेणुकाआक्कांसाठी आहे.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरे कडू घास आणतात, त्यात हळद नसते आणि फोडणी नसते. यजमान गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आक्का भरल्या घरात मला म्हणाल्या, “हळद न्हाई, फोडणी न्हाई. माझ्या जित्या भावाला चार महिने सुतकाचं घातलंस. मग कसा जगंल त्यो?”  त्या दिवसापासून आक्का आमच्या घरी पाणी घेत नाहीत. दयानंदच्या लग्नात आक्कांनी चहा शेजारी वीरण्णांच्या घरी घेतला. मीही काही कमी नाही. आक्कांच्या नातवाच्या बारशाला त्यांच्या गावी, वाढवण्याला गेले ते स्वतःचा डबा बांधून. सतरा वर्षं झाली.

मी गप्प राहिले ते मोठेपणाने, असं सगळे समजतात. तसं नाही. ते इथे लिहिते, कारण मृत्युपत्रात खोटं ठेवू नये.

यजमान गेले त्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी वाटी हातात घेतली आणि म्हणाले, “सिंधु, आज वरून फोडणी दे. लाल मिरचीची. चर्र आवाज तरी ऐकू दे.” मी म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाले ध्यानात हाय न्हवं? उद्या बघू.” ते हसले आणि पांढरी भाजी खाल्ली. सोमवारी शुद्ध नव्हती. मंगळवारी गेले. आक्का बोलल्या ते खरं नव्हतं, पण लागलं बरोबर जागी. एक चमचा तेल आणि एक मिरची. मी डॉक्टरांचं ऐकलं, त्यांचं ऐकलं नाही. त्यानंतर या घरात फोडणी रोज पडते आणि मी रोज ती ऐकते.

कलम सहा. मी गेल्यावर माझ्या घरचा कडू घास रेणुकाआक्कांनी आणावा. पिठलं-भाकरी नको. पांढरी भाजी आणि भात. तिला हळदही लागत नाही आणि फोडणीही, म्हणजे रीत मोडत नाही. आक्कांना येत नाही म्हणून कृती देते.

एक नारळ किसा. कोमट पाणी घालून धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून पिळा. हे पहिलं दूध, दाट, बाजूला ठेवा. त्याच किसात पुन्हा पाणी घालून दुसरं, पातळ दूध काढा. बटाटा, गाजर, घेवड्याच्या शेंगा, मटार आणि उभा चिरलेला कांदा, आल्याचा तुकडा आणि उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या घालून पातळ दुधात शिजवा. आजाऱ्यासाठी मिरच्या नकोत. मी तेव्हा आजारी नसेन, तर चार टाका. मीठ घाला. भाजी मऊ झाली की आच अगदी बारीक करून दाट दूध ओता. आता उकळी येऊ द्यायची नाही. कडेला वाफ दिसली की उतरवा. वरून कढीपत्ता आणि चमचाभर कच्चं खोबरेल, आणि लगेच झाकण. मधे तुमचा हात हळदीच्या डब्याकडे जाईल. माझाही गेला होता. मागे घ्या.

तेराव्या दिवशी तीच भाजी पुन्हा करावी आणि <s>एक वाटी</s> दोन वाट्या यजमानांच्या फोटोपुढे ठेवाव्यात. त्यावर लाल मिरचीची फोडणी द्यावी, चर्र आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायला पाहिजे. ती वर्षाराणीने देऊ नये. आक्कांनी द्यावी.

आक्का माझ्याआधी गेल्या तर मीच डबा घेऊन वाढवण्याला जाईन. मग हे कलम संपलं असे समजावे.

आक्कांच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही. गैरसमज नको. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार राहू नये असं वकीलसाहेब म्हणाले, आणि मला साक्षीदार म्हणून आक्का हव्या आहेत. निरोप धाडला आहे. येतील की नाही माहीत नाही, जागा मोकळी सोडते.

पुढचं दुपारनंतर लिहिलं. आक्का आल्या. चपला काढून दारातच बसल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वीरण्णांसमोर मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. फोडणीचं वाचताना माझी ओळ चुकली, तेव्हा वीरण्णा म्हणाले, “ताई, पाणी पिऊन वाचा.”  मग आक्का म्हणाल्या, “त्यानं मलाबी मागितलं हुतं. लातूरच्या दवाखान्यात. आक्का, नखाएवढा ठेचा आण म्हणला. म्या न्हाई दिला.” आणि म्हणाल्या, “कुणावर तरी टाकायचं हुतं, सिंधे. तुझ्यावर टाकलं.”

 मी म्हणाले, “तुम्ही थकून आलात.” त्या म्हणाल्या, “ते दाट दूध कवा टाकायचं म्हणलीस? पुन्यांदा वाच.” मी पुन्हा वाचलं. मग वर्षाराणीने तांब्या पुढे केला आणि आक्का पाणी प्यायल्या.

वर लिहिलेलं सर्व मी समजून लिहिले आहे आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे. अंमल वर्षाराणीने करावा.

स्थळ: उदगीर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.

सही: सिंधु भुजंग बिरादार

साक्षीदार १: वीरण्णा सिद्धलिंग हुडगे, किराणा दुकानदार, स्टेशन रोड, उदगीर. सही.

साक्षीदार २: रेणुका माणिकराव सूर्यवंशी, राहणार वाढवणा. डाव्या हाताचा अंगठा.

दुरुस्ती: कलम सहामध्ये ‘एक वाटी’ खोडून ‘दोन वाट्या’ केले आहे. एक माझ्याकडून, एक आक्कांकडून. दुरुस्ती साक्षीदार क्रमांक दोन यांच्या सांगण्यावरून. सही व अंगठा.