दोघांनी एकदम विचारलं तर

३ मार्च १९९७, सोमवार. होबार्ट.
अखेर माझी आठवण झाली! कोणत्या बंदरात केव्हा किती पाणी, हे सांगणारी माझी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना जोडायचा तयार कोड, आता जहाजं बंदरात आणणारे सगळे पायलट वापरणार. पूर्वी एका वेळी एकच प्रश्न यायचा. नव्या प्रोग्रॅमचे अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, एकदम विचारणार. आमची बॉस मोइरा म्हणाली, "डेस्मंड, झेपेल ना?" म्हटलं, कंपाइल करताना मल्टिथ्रेडिंगचा स्विच घालायचा, संपलं.

४ मार्च.
संपलं. कंपायलरची एक तक्रार नाही. एका थ्रेडवर तपासलं. उत्तम.

६ मार्च.
शेजारच्या टेबलावरची टॅमसिन म्हणते, "अरे, सगळे थ्रेड उत्तर एकाच जागी लिहितात. दुसऱ्याने लिहिलं की पहिल्याचं पुसलं. स्विच काय करणार?" जळते बिचारी.

११ मार्च.
डेमो. पायलट कॅप्टन ऑरने डेव्हनपोर्टचं पाणी विचारलं, त्याच क्षणी त्याच्या सोबत्याने होबार्टचं. दोघांनाही होबार्टचंच मिळालं. ऑर शांतपणे म्हणाला, "बाबा रे, हे खरं मानलं असतं तर जहाज चिखलात बसलं असतं. माझ्यासकट."
मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. एसी फार होता. शिवाय एकदम विचारायची गरजच काय?

१२ मार्च.
एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारे लॉक जागोजागी घातले. आता हा थ्रेड त्याची वाट बघतो, तो ह्याची. चुकीचं उत्तर अशक्य, कारण उत्तरच येत नाही. म्हणजे सुरक्षित! मोइरा हसली नाही.

१४ मार्च, शुक्रवार.
सोमवारी लायब्ररी चालू करायची आहे. जेवण गेलं नाही. गाडीत बसून राहिलो. बायकोचा फोन : "टॅमसिनला सरळ विचार ना." मी? तिला? देवा, ते जहाज डोळ्यांपुढून हलत नाही.
वर गेलो तर टॅमसिनने फाइल उघडलेली. "प्रत्येकाला उत्तरासाठी स्वतःची जागा दिली, बस." म्हटलं, माझ्याही मनात अगदी हेच होतं. म्हणाली, "हो का?"

१७ मार्च.
सकाळपासून चालू. सगळे एकदम विचारतात, ज्याचं त्याला मिळतं. मोइराने मला जबाबदारीचं काम दिलंय : लायब्ररीचं माहितीपत्रक. पहिलं वाक्य झकास जमलं : 'अनेक थ्रेड्सनी एकाच वेळी वापरण्यास सुरक्षित.' कशी, ते लिहायला जागा सोडली आहे. उद्या टॅमसिनला विचारेन. ती रजेवर असेल तर बरं.