पहिला दुधी

काळाचौकी,
श्रावण, १९५६

ती. आईस,
बकुळेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही दोघं बरी आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? कपिला व्याली का?

लवूभावजी मोर्च्यात गोळी लागून गेल्यापासून हे मुके झालेत, ते तू पाहून गेलीसच. गिरणीत जातात, येतात, जेवतात, पण शब्द नाही. मला खोली खायला उठायची. म्हणून तू पदरात बांधून दिलेल्या दुधीच्या बिया घासलेटच्या डब्यात लावल्या. माहेरी लावायचीस तू, मी नुसती खायची. रोज तांदळाचं धुवण घालत गेले. वेल गॅलरीच्या कठड्यावर चढला.

काल पहिला दुधी धरला, अंगठ्याएवढा. तू शंभरदा बजावलेलं विसरून मी ह्यांना बोट करून दाखवला. हे ताडकन उठले आणि माझं बोट मुठीत धरलं.

"बोट दाखवू नको, कुजतो तो."

मग बोट तसंच धरून हळूच म्हणाले, "लवू लहान होता, तेव्हा त्यालाही मीच शिकवलेलं. बोट वाकवून दाखवायचं."

आणि रडले. भावजी गेल्यापासून पहिल्यांदाच.

आई, दुधी कुजला तरी चालेल मला.

तुझी,
बकुळा