त्सीशे गाडी, क्रमांक सात

मी, डॉ. हार्टविग लोरेंगेल, वय वर्षे ८१, यंत्रशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार केम्निट्झ, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वहस्ते व स्वेच्छेने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यावरील तारीख चुकली होती. ती मीच दुरुस्त करून घेतली.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पुतणी रोसविथा हिला. माझ्या गॅरेजातील गाडीला ती आजवर ‘ते डबडं’ म्हणत आली आहे. वारसा मिळाला म्हणून तिने मत बदलू नये. निदान एका बाबतीत तरी सातत्य राहील.

२. भिंग आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील जर्मन छोट्या मोटारींची चारशे बारा छायाचित्रे आमच्या जुन्या मोटारींच्या अभ्यासक मंडळाचे अध्यक्ष एगबर्ट कुनाथ यांना. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बिअरच्या टेबलावर अनोळखी गाडीचे छायाचित्र ओळखण्यासाठी फिरते, तेव्हा हे गृहस्थ आधी रेडिएटरवरचा कारखान्याच्या नावाचा बिल्ला पाहतात. बिल्ला कोणीही कोणत्याही गाडीला लावतो. बॉनेटच्या बाजूंचे हवेचे झरोके मोजावेत, हे मी त्यांना चाळीस वर्षे सांगत आहे. आता भिंगाने प्रयत्न करावा.

३. मंडळाची नोंदवही माझ्या हस्ताक्षरात आहे. तीत नसलेली गाडी कधी बनलीच नाही, असे आम्ही मानतो. १९९४ साली सुतार फोल्कमार त्सीशे वडिलांनी बनवलेल्या गाडीचे छायाचित्र घेऊन आले. लाकडी सांगाडा, वर कृत्रिम चामडे. बॉनेटला डावीकडे नऊ झरोके, उजवीकडे आठ. उजवीकडून पेट्रोलची नळी जाते म्हणून वडिलांनी एक कमी ठेवला, असे त्यांचे म्हणणे होते. कारखाना दोन्ही बाजू सारख्या करतो, ही कोठारात ठोकलेली हौस आहे, असा निर्णय मी दिला. टेबल हसले, सुरुवात माझीच होती.

छायाचित्र खिशात ठेवताना ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, अकरा गाड्या विकल्या हो बाबांनी. आता आईला घरी जाऊन काय सांगू, ते नुसते खेळत होते म्हणून?”

घरगुती प्रश्न मंडळाच्या कक्षेत येत नाहीत, असे मी उत्तर दिले. त्यांच्या मातोश्री त्यानंतर दोन वर्षांनी वारल्या.

४. गॅरेजातील माझी मोटार, बिल्ल्यावरून ‘ग्रुंडेल’ कारखान्याची. तिच्यावर मी तीन व्याख्याने दिली आहेत. गेल्या शरद ऋतूत लाकडाला कीड लागली का ते पाहण्यासाठी तिचे आसन प्रथमच उचलले. खालच्या तुळईवर तापल्या लोखंडाने डागलेले होते: ‘त्सीशे, ७’. मग बॉनेटपाशी गेलो. डावीकडे नऊ, उजवीकडे आठ. इतरांच्या चारशे बारा गाड्यांचे झरोके मी मोजले. स्वतःच्या गाडीचा फक्त बिल्ला वाचला.

सबब ती गाडी फोल्कमार त्सीशे यांना द्यावी. नोंदवहीत ‘त्सीशे, केम्निट्झ, अकरा गाड्या’ ही नोंद माझ्या मृत्यूनंतर कुनाथ यांनी करावी. हयातीत का नाही, असे विचारणाऱ्याने त्या टेबलाशी एकदा बसून पाहावे.

५. आमच्या कायद्याला अशा मृत्युपत्रास साक्षीदार लागत नाहीत. मला एक लागतो. त्याने वाचल्याखेरीज सही करू नये.

केम्निट्झ, १२ मार्च २०१९
सही: डॉ. हार्टविग लोरेंगेल

साक्षीदार: फोल्कमार त्सीशे. सगळे वाचले, दोनदा. तुमच्या मरणाची वाट बघायला मला वेळ नाही, डॉक्टरसाहेब. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गाडी न्यायला येतो, तेव्हा ढकलायला बाहेर या. मग तिथूनच मंडळाच्या टेबलाकडे जाऊ. वही सोबत घ्या, आणि पेनही.