भिंतीला हात टेकलेला माणूस

३ मार्च, सकाळी ७.१०
पाचचा अलार्म होता. टेक्निकली उठलो होतो. चष्म्याच्या दुकानातलं प्रोबेशन एकतीसला संपतं. मग डोळे तपासायची खोली कायमची माझी. तोपर्यंत ड्युटीवर एकही डुलकी नाही. फायनल.

संध्याकाळी
एकच. एक काका तक्त्यावरची अक्षरं वाचत होते, मी ऐकत होतो. तक्ता संपल्यावर ते म्हणे आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचायला लागले. मालक म्हणाले, त्यांची नजर उत्तम आहे, तुझं काय?

७ मार्च
झोप आवरत नाही म्हटलं की फॅमिली डॉक्टर सहा वर्षं म्हणतायत रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या खाऊन आता इतकं झालंय की दान करून आलो. तिथे झोप लागली, पण तिथे आडवं करतातच. मोजलं नाही.

११ मार्च
लंचमध्ये मागच्या खोलीत दहा मिनिटं पॉवर नॅप. डोळे उघडले तर एक माणूस आलेला. फ्रेम्सच्या कपाटाजवळ, भिंतीला हात टेकून, माझ्याकडे बघत. इग्नोर केलं. दुसरं काही करता येत नव्हतं, हातपायच हलत नव्हते. स्ट्रेस असणार. कुणाला सांगायचं नाही.

१६ मार्च
ताईने मालकांची नक्कल केली. हसलो आणि गुडघेच गेले. जमिनीवर पडून सगळं ऐकू येत होतं. ताई म्हणाली, नाटकं पुरे. दुसऱ्या डॉक्टरांनी फिट्स ठरवल्या. त्यांच्या गोळ्यांनी झोप डबल.
उपाय मीच शोधला. हसायचं नाही. बाबांना जमलं होतं. पोपटाचा जोक सुरू केला की उठून आत जायचे. वारले तोवर माझ्या एकाही जोकला हसले नाहीत.

२४ मार्च
आठ दिवस झाले, एकदाही हसलो नाही. आई म्हणते, असा बसू नकोस, बघवत नाही. तिनेच मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, तू उदास आहेस. म्हटलं, छे, न हसायचा प्रोजेक्ट चाललाय. त्यांनी तेही लिहून घेतलं. डिप्रेशन. आई ऐकेना, म्हणून झोपेच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

२९ मार्च
वायरी लावून दिवसा पाच वेळा झोपायला सांगितलं. पाचही वेळा पास.
मग डॉक्टर मॅडमनी विचारलं, हसलं की गुडघे जातात का? सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
नार्कोलेप्सी. झोपेवर ताबा न राहण्याचा आजार. तो माणूसही त्यातलाच. अर्धवट जागेपणी पडणारं स्वप्न.
घरात आणखी कुणाला होतं? मी नाही म्हणालो. आई म्हणाली, ह्याच्या बाबांना. दिवसभर पेंगायचे, सगळे आळशी म्हणायचे. हसू आलं की भिंत धरायचे. एकदा ह्याला कडेवर घेऊन हसले आणि दोघं पडले. त्यानंतर हसणंच सोडलं.
हनुवटीवरची खूण मला सायकलची वाटायची.

३१ मार्च
मालकांनी रिपोर्ट नीट वाचला. म्हणाले, म्हणजे झोपच ना? खोली दुसऱ्याला. मला काउंटर, उभ्याने.
लंचमध्ये डुलकीतून डोळे उघडले तर तो आलेला. भिंतीला हात टेकून. स्वप्न आहे, माहितीये. तरी म्हटलं, पोपटाचा जोक सांगून बघू. पाठच आहे.
तोंडच उघडेना.