आईचा डावा हात

यागुआरोन, ४ जून १९८३

ती. निमियाताईस धाकट्या फेलिसाचा सा. न. वि. वि.

झटक्याने आईचा उजवा हात आणि वाचा गेली, हे मागे कळवलंच. आता त्याहून मोठी काळजी आहे, ती जेवतच नाही. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न नाही तर औषधं काय करणार? रोज सकाळी मी हात जोडून आशीर्वाद मागते, तर ती डोळे मिटून घेते.

म्हटलं, तिच्या आवडत्या खिम्याच्या टिक्क्या, पायाग्वा, कराव्यात. रात्रीच मांदिओकाचा कंद उकडून ठेवला, सकाळी खिम्यात मळला, तर कढईत टिक्क्यांचा नुसता भुगा! देओलिंदाकाकू विचारून गेल्या, सान जुआनच्या जत्रेत आई पायाग्वा विकते ती तुमची जागा यंदा आम्ही घेऊ का? जीव नुसता टांगणीला लागलाय. कधी येतेस?

तुझी वाट पाहणारी,
फेलिसा

ब्युनोस आयरेस, १० जून

चि. फेलिसास अ. उ. आ.

मालकीणबाई पुढच्या रविवारशिवाय सोडत नाहीत. तोवर आईला काही झालं तर, या विचाराने शिवणयंत्रावर हात चालत नाही.

अगं वेडाबाई, कंद गार झाला की दगड होतो, तो खिम्याला काय धरणार? हात भाजले तरी वाफेतच कुटायचा. इतकी वर्षं आईशेजारी बसून माशा मारत होतीस का?

पण आता नीट करूच नकोस. चूल तिच्या खाटेसमोर मांड आणि टिक्क्या कर अशाच वेड्यावाकड्या. तिला उपाशी राहणं जमेल, वाईट टिक्की बघवणार नाही. तिला सांग, निमिया हात जोडून आशीर्वाद मागतेय.

रागावले तरी माया तेवढीच आहे.
तुझी ताई

यागुआरोन, १४ जून

ती. ताईस सा. न.

पत्र गाडीवाल्या बेनितेसकडे देतेय, तू निघण्याआधी मिळेल.

पहिला घाणा फुटला. आईने पाहिलं आणि डोळे मिटले. मला खरंच रडू कोसळलं. रडत रडत चेंडूएवढे गोळे वळत होते, तोच मनगटावर फटका बसला. डाव्या हाताचा! आईने गोळा कोंबड्यांना टाकला आणि पातेल्याकडे बोट दाखवलं. मी कंद पुन्हा उकडला, वाफेतच कुटला. टिक्की थापायला दोन तळवे लागतात ना, तिने एक माझा घेतला. मग अर्धी खाल्ली, आणि मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलं!

मी हात जोडले. डावा हात हळूहळू वर आला, माझ्या डोक्यावर टेकला आणि पुन्हा उचलला. खाली येईचना. नजर तुझ्या गाडीच्या रस्त्याकडे. मला उशिरा कळलं. तुझ्या वतीने मी पुन्हा हात जोडले, तेव्हा तिने तो खाली घेतला.

लवकर ये.
तुझी फेलिसा