तुझा उमेदवार आमच्या सौन्यात

लेक सुपीरियरच्या काठावरून, ऑक्टोबर सरता सरता

माझ्या धाकट्या आउनेला,

थोरल्या लेम्पीचा आशीर्वाद. तो नको असला तर नुसता नमस्कार घे, पण पत्र चुलीत घालू नकोस. (चुलीत काय घालावं नि काय घालू नये यावरूनच आपलं बिनसलं, म्हणून आधीच सांगते.) तुझा गुडघा कसा आहे? थंडी पडायला लागली, लोकरीचं बांधतेस ना? माझं बरं आहे. कानांनी थोडं कमी ऐकू येतं, पण इकडे बोलणारं तरी कोण उरलंय? नातवंडं म्हणतात, आजी, पत्र कसलं लिहितेस, फोन कर. पण फोन तू एका बोटानं बंद करतेस. पत्र बंद करायला निदान फाडायचे कष्ट तरी घ्यावे लागतात. माझ्या अक्षराला हसू नकोस. खाणीत बाबांचा पाय गेला तेव्हा मी शाळेतून उठून गोठ्यात गेले आणि तू शिकलीस, तेव्हा यातल्या निम्म्या चुका तुझ्याच नावावर मांड.

आता बातमी. आउने, मला इतका आनंद झालाय की चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्माच शोधत होते. तुझा तो पेंटलँड, डेमोक्रॅटांकडून गव्हर्नरकीला उभा राहिलेला, शनिवारी माझ्या दारात आला! माझ्या! जिच्या कुंपणात त्याच्या विरोधातल्या स्लेव्हिनची पाटी उभी आहे, तिच्या!

तो आला तेव्हा शेजारचा रेइनो माझी लाकडं फोडत होता. (रेइनोला तू ओळखतेसच. बायको गेल्यापासून माझी लाकडं फोडतो आणि माझी कॉफी पितो, दोन्ही न विचारता.) पेंटलँडनं त्याच्या हातात रंगीत पत्रक दिलं. त्यावर मिशिगनचा नकाशा होता. रेइनोनं तो उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "साहेब, यात आम्ही कुठं आहोत?" बघतो तर मोठ्या पुलाखालचा, दक्षिणेकडचा तुमचा सगळा भाग छापलेला आणि पुलावरचा, उत्तरेकडचा आमचा आख्खा मुलूख गायब! पेंटलँडनं घाईघाईनं कागद उलटला, तर मागं त्याच्या बायकोचा फोटो. "अस्सं," रेइनो म्हणाला, "म्हणजे आमच्या जागी वहिनी आल्या." तुम्हा पुलाखालच्या भुतांचं (दक्षिणेकडच्यांना आम्ही वरचे हेच म्हणणार) हे नेहमीचंच आहे. लांडगा कधी डोळ्यांनी पाहिला नाही, पण लांडगा मारायचा नाही असले कायदे करायला पुढे.

तू म्हणशील, लेम्पी, तू अशी नव्हतीस. खरं आहे. बाबांच्या काळी हे सगळं गाव युनियनचं आणि डेमोक्रॅटांचं. दुसऱ्या पक्षाला मत देणारा एकच माणूस होता आणि बायका त्याच्या घरी रस्सा पाठवायच्या, आजारी असल्यासारखा. मग खाणी बंद पडल्या. तुम्ही पोरं डेट्रॉइटला गाड्यांच्या कारखान्यात गेलात आणि बाबांचा पक्ष सामानाबरोबर घेऊन गेलात. आम्ही इथं राहिलो, आमच्या वाट्याला बाबांची बंदूक आली, आणि ती काढून न घेणारा पक्ष. मी बसल्या जागची हललेच नाही ग, खालचा बाकच फिरला. पण पक्ष गेल्याचं मला काही वाटत नाही. माणसं गेली. चर्चमध्ये आता बाकाला एकेक जण बसतो आणि पाद्री लांबून लांबून बघत बोलतो, जसा काही पेरणीच करतोय.

तर मी दार लावणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, "आजी, मला तुमच्या बहिणीनं पाठवलंय. युनियनच्या हॉलमध्ये भेटल्या होत्या. म्हणाल्या, वर जाताय तर लेम्पीकडे जेवा, आणि पेस्टीवर ग्रेव्ही मागू नका."

दार माझ्या हातातच राहिलं. चार वर्षांत तुझ्या तोंडून माझं नाव निघालं, हे मला सांगायला मेला उमेदवार यावा लागला! आणि पुढं म्हणतो, "त्यांनी तुमच्यासाठी एक निरोपही दिलाय."

"काय?"

आणि तो डोकं खाजवायला लागला. विसरला! हजार माणसांशी हात मिळवणारा माणूस, त्याच्या डोक्यात काय राहणार? मी त्याला आत घेतलं, खुर्चीत बसवलं, मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी वाढली, वर केचप दिलं. (डोळे ग्रेव्ही शोधत होते, पण तोंड बंद ठेवलं. तुझी शिकवण.) म्हटलं, आता आठव. तर लागला की बनवायला. "त्यांना तुमची फार आठवण येते." मी म्हटलं, ही आमची आउने नव्हे. "त्यांचं तुमच्यावर फार प्रेम आहे." मी म्हटलं, बाळा, आमच्या घरात असलं कुत्र्याशीसुद्धा कुणी बोललेलं नाही. बिचारा घामाघूम. ज्या गावात जे आवडतं ते बोलायची सवय, आणि इथं काय आवडतं तेच त्याला कळेना.

शनिवार होता, सौना, आपलं वाफेचं न्हाणीघर, तापलेलाच होता. पाहुण्याला विचारल्याशिवाय कसं राहायचं? आणि नाही म्हणायची सोय उमेदवाराला नसते. गाडीतून पोहायची चड्डी घेऊन आला. रेइनो दारातच म्हणाला, "इथं पक्षही बाहेर काढून ठेवायचा आणि चड्डीही." आतलं सगळं मला रेइनोनं नंतर सांगितलं. हा तापलेल्या दगडांवर पाणी टाकत गेला आणि तो कबूल करत गेला. पहिल्या पळीला आमचे रस्ते झाले, दुसरीला लांडगे आमच्या हवाली केले, तिसरीला पुलाचा टोल माफ. रेइनो म्हणतो, अजून एक पळी टाकली असती तर राजधानी इकडे आणली असती. पण निरोप काही बाहेर येईना. शेवटी रेइनोनं त्याला धक्क्यावरून तळ्यात उडी मारायला लावली. या दिवसांतलं पाणी तुला माहीत आहे. अशी आरोळी ठोकली की माझ्या कोंबड्या उडाल्या. आणि टॉवेल गुंडाळून, उकडलेल्या बीटासारखा लाल, ओरडतच वर आला, "खिळा! खिळा!"

आम्हाला वाटलं पायात गेला. रेइनो त्याचा पाय उचलून बघायला लागला, तर हा एका पायावर नाचत म्हणतो, "अहो, निरोप! आउनेबाईंनी विचारलंय, सौन्यातल्या वरच्या बाकाचा खिळा ठोकला का?"

आउने, मी तिथंच लाकडांच्या ढिगावर बसले आणि हसता हसता रडले. ही आमची आउने! बसायचंच नसेल तर बाकाच्या खिळ्याची चौकशी कोण करतं ग?

नव्हता ठोकला. खिडकीकडची ती तुझी जागा, तिथं दुसरं कुणी बसत नाही, मग खिळा कुणाला टोचणार? शनिवारी पुरुषांचं झालं की मी एकटी जाते. एकटीपुरतं पाणी टाकते. पाठ चोळायला माणूस नाही, हात पोचतो तिथपर्यंतच आपण स्वच्छ. कधी कधी बोलते तुझ्याशी, आणि तू उलट उत्तर देत नाहीस, तेव्हा फार वाईट वाटतं.

खिळा मी पेंटलँडकडूनच ठोकून घेतला. वाकडा ठोकलाय, पण टोचत नाही. गेल्यावर रेइनोला विचारलं, कसा वाटला? म्हणाला, "माणूस चांगला आहे. मत देणार नाही."

तुझीच,
लेम्पी

ता. क. गेल्या खेपेला तू माझ्या कुंपणात ठोकलेली पाटी मी सौन्याच्या चुलीत घातली, ती लाकडाची नव्हती, प्लास्टिकची होती. महिनाभर वास गेला नाही. यंदाची आणायची असेल तर आण. माझ्या पाटीशेजारी लावू, भांडू देत दोघी.

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. मतदान पुढच्या मंगळवारी आहे. तू एक त्याला देणार, मी एक स्लेव्हिनला देणार, एकाला एक गेलं की उरलं काय? मग दोघींनीही कशाला जायचं? त्या दिवशी तू इकडेच असावंस असं माझ्या मनात आहे. पुलावर वारा असतो, मुलाला गाडी हळू चालवायला सांग.

ता. क. रेइनोनं हे वाचलं आणि म्हणतो, लेम्पी, ही लबाडी आहे, तुझं मत गेल्या आठवड्यातच टपालानं गेलंय. गेलंय खरं. तर तूही तुझं आधीच टाकून नीघ. निवडणुकीपुरत्या आपण दोघी फिटलो. उत्तर लिहीत बसू नकोस, आउने. पत्राला इथवर यायला तीन-चार दिवस लागतात, तुला एकच दिवस लागेल.