माळकऱ्याच्या अंगठ्यातलं युरिक ॲसिड

साखरखेर्डा

तीर्थरूप अण्णांना धाकट्या देवानंदचा, खाटेवरूनच घातलेला (कारण पुढे येईलच) साष्टांग नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, ऐकून बरं वाटलं. वहिनींची कंबर आता कशी आहे? इकडे सोयाबीन घरात आलं, म्हैस व्याली, तुमची भावजय पुष्पा ठीक आहे. मी मात्र ठीक नाही. मी हादरलोय.

सोमवारी सकाळी उठलो तर उजव्या पायाचा अंगठा टमाट्यासारखा लाल. पांघरुणाचं टोक लागलं तरी जीव जात होता. मला वाटलं, विंचू. चिखलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, युरिक ॲसिड वाढलंय, मटण-कलेजी बंद करा. अण्णा, लग्नाआधीपासून माझ्या गळ्यात तुळशीची माळ! मी पुष्पाकडे पाहिलं, तर तिच्या डोळ्यांत मला सबंध बोकड दिसला. एसटीत ती गावापर्यंत एक शब्द बोलली नाही. (पुष्पा बोलत नाही, हा अंगठ्याहून मोठा आजार.) आम्ही उतरलो तेव्हा बातमी आधीच पोचलेली होती. भजनाला पखवाजवाला माझ्यापासून हातभर सरकून बसला. घरी माझं ताट वेगळं मांडलेलं.

आणि नेमके गुरुवारी डोणगावचे भगवानराव त्यांच्या राजकुमारसाठी आपल्या सारिकाला बघायला यायचे होते. घराणं कडक माळकरी, त्यांच्याकडे कांदासुद्धा दारातून परत जातो. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "देवानंदराव, ऐकलं ते खरं हाय काय?"

तरी आले. बैठकीत बसले. पोह्यांना कोणी हात लावेना, सगळ्यांची नजर माझ्या अंगठ्यावर. चहा घेऊन आलेल्या सारिकाने ट्रे खाली ठेवला आणि (होणाऱ्या सासऱ्यासमोर, अण्णा!) कॉलेजात बारावीच्या पोरांना शिकवते तसं सुरू केलं. "बाबानं मटण नाही खाल्लं. ते ॲसिड बाबाच्या अंगातच तयार होते."

म्हणे आपल्या अंगात अब्जावधी पेशी असतात आणि बहुतेकींच्या पोटात डीएनए नावाची पिळलेली शिडी असते. तिच्या पायऱ्यांत सगळं अंग कसं घडवायचं ते लिहिलेलं. आरएनए त्यातल्या हव्या तेवढ्या मजकुराची नक्कल घेऊन जातो, त्याबरहुकूम प्रथिनं बनतात. पेशी जुनी झाली की मोडते, तिच्यासोबत शिडीही मोडते, आणि तिच्यातल्या ॲडेनिन आणि ग्वानिन या दोन तुकड्यांचं शेवटी युरिक ॲसिड होतं. ते लघवीवाटे जायचं. मूत्रपिंडानं आळस केला की ते सुईसारखे खडे होऊन सांध्यात बसतं. कलेजीत पेशी दाट, म्हणून ती वाईट. पण डीएनए मेथीत आहे, मटकीत आहे, एकादशीच्या शेंगदाण्यातही आहे. हे ऐकून पुष्पा मटकन खालीच बसली.

भगवानरावांनी डाव्या पायातला मोजा हळूच काढला. अण्णा, तसाच अंगठा! तसाच लाल! त्यांची बायको किंचाळली, "अवं, तुमी त काटा रुतला म्हणले होते!"

"भेव वाटलं," भगवानराव म्हणाले. "लोक काय म्हणतीन?" मग सारिकाकडे वळून अगदी लहान आवाजात, "पोरी, म्हंजे मी बी मटण नाही खाल्लं ना?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. राजकुमारने त्याच वेळी पोह्यांची बशी उचलली. सोयरीक तिथंच ठरली. आम्ही दोघे एकमेकांना धरून, लंगडत, देवासमोर गेलो.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
देवानंद

ता. क. साखरपुड्याला यायचंच. फक्त त्याआधी एक काम करा. चिखलीहून मी फोन केला तो फक्त तुम्हालाच, आणि 'देव्याची माळ वरून, कलेजी आतून' हे फॅमिली ग्रुपवर तुमच्या नंबरवरून आलं. काऊन, अण्णा? तेवढं काढून टाका.

दुसरा ता. क. सारिका म्हणते, हा रोग पुष्कळदा घराण्यात उतरतो, आणि आपल्या दोघांचं डीएनए एकाच आईबापाचं. तुमचंही रक्त तपासून घ्या. आकडा ग्रुपवरच टाका, सगळे वाट पाहून राह्यले.